ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय ठणठणीत, असं नाही

कोल्हापुरातल्या पेठेत कुणी अकाली गेलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "काल संध्याकाळी कट्ट्यावर बसून गप्पा मारून गेला की." आणि दुसरं, "मागच्याच महिन्यात ईसीजी काढलेला, एकदम नॉर्मल होता." पहिल्या वाक्यात हळहळ आहे. दुसऱ्यात हळहळीबरोबर एक गैरसमजही आहे. त्या गैरसमजापायी चाळिशी-पन्नाशीतली कर्ती माणसं गाफील राहतात, म्हणून आधी तो दूर करू.

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विद्युत लहरींची काही सेकंदांपुरती नोंद. त्या वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असेल, ठोक्यांची लय बिघडलेली असेल किंवा पूर्वी झटका येऊन गेल्याच्या खुणा असतील, तर त्या कागदावर उमटू शकतात. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसासाठी ही तपासणी फार मोलाची आहे. पण काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत काय साठत चाललंय, ते त्या कागदाला कळत नाही. ट्रेडमिलवर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्टही बरीचशी तशीच. वाहिनी साधारण सत्तर टक्के अरुंद झाली आणि चालताना रक्त कमी पडू लागलं, तर ती इशारा देते. त्याआधी सहसा काही सांगत नाही.

भिंतीच्या आत काय घडतं

रक्तवाहिनी आतून हळूहळू बुजत जाते आणि शेवटी एक दिवस पूर्ण बंद होते, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. काहींच्या बाबतीत तसं होतंही, आणि त्यांना चढ चढताना छाती भरून येण्याची आगाऊ सूचना मिळते. पण अचानक येणाऱ्या झटक्याची गोष्ट वेगळी आहे.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी वाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या. रक्तात एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण फिरत असतात. ते वाजवीपेक्षा जास्त झाले की वाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराखाली शिरतात आणि तिथेच अडकतात. शरीर त्यांना परकं समजतं. पांढऱ्या पेशी येतात, ते कण गिळतात, फुगतात, तिथेच मरतात. पुन्हा नव्या येतात. हे वर्षानुवर्षं चालतं आणि कातडीखाली गळू पिकावं तशी एक जागा तयार होते, आत मऊ चरबट ऐवज आणि वर पातळ पापुद्रा. रक्तदाब जास्त असला की या पापुद्र्यावर ताण येतो. तंबाखू आणि वाढलेली साखर अस्तराला इजा करतात आणि रक्त लवकर गोठेल अशी स्थिती निर्माण करतात. मग कधीतरी पापुद्रा फाटतो. शरीराला ती जखम वाटते आणि ती बुजवायला रक्त तिथे गोठतं. वाहिनी मुळातच बारीक, त्यामुळे ती गुठळी काही मिनिटांत तिचं तोंड बंद करू शकते.

इथली महत्त्वाची गोष्ट अशी की फाटणारी जागा मोठी असायलाच पाहिजे असं नाही. कितीतरी झटके अशा ठिकाणी येतात, जिथे आदल्या दिवशीपर्यंत वाहिनी निम्मीसुद्धा अरुंद झालेली नव्हती. तो माणूस खरोखरच धडधाकट फिरत होता. त्याचा ईसीजी खरोखरच नॉर्मल होता. तपासणी खोटी नव्हती, तिला विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

आणि ही सुरुवात पन्नाशीत होत नाही. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय होतं २२ वर्षं, आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या करोनरी वाहिन्यांत या रोगाच्या कमी-अधिक खुणा सापडल्या होत्या. म्हणजे झटका येतो एका मिनिटात, पण त्याची तयारी वीस-तीस वर्षं चाललेली असते. आपल्या हातात जे काही आहे ते या वीस-तीस वर्षांत आहे.

ब्लॉकेज शोधू नका, धोका मोजा

मग बघायचं काय? ज्यांना त्रास नाही त्यांच्या तपासणीचा हेतू ब्लॉकेज शोधणं हा नसतोच. पुढच्या दहा-वीस वर्षांत या माणसाला झटका येण्याचा धोका किती, याचा अंदाज बांधणं आणि तो धोका खाली आणणं, एवढाच असतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर हा विचार रुजला. पुढे २००४ मध्ये ५२ देशांतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्यांमागचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींत सामावलेला आहे, असं त्यात दिसलं. धूम्रपान, रक्तातल्या घातक आणि चांगल्या चरबीकणांचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारू. याच अभ्यासातली आपल्याला थेट लागू पडणारी गोष्ट म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येत होता, इतर जगाच्या पाच-सहा वर्षं आधी. म्हणून "पन्नाशी झाली की बघू" हे आपल्याला परवडणारं नाही.

मोजायच्या गोष्टी मोजक्या आणि स्वस्त आहेत. रक्तदाब सगळ्यात आधी, कारण तो वाढल्याचं बहुतेकांना कळतच नाही. "मला बीपी असता तर डोकं दुखलं असतं की" असं म्हणणारी माणसं अनेक वर्षं १६० घेऊन फिरत असतात. दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आला तर तो वाढलेला समजतात. घरच्या यंत्रावर ही रेषा थोडी खाली, १३५/८५ वर धरतात. मोजण्याची पद्धत मात्र नीट पाहिजे. जिना चढून आल्या आल्या किंवा चहा-तंबाखू झाल्याबरोबर मोजू नये, अर्धा तास जाऊ द्यावा. लघवी तुंबलेली नसावी. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं शांत बसावं, दंडाचा पट्टा हृदयाच्या उंचीवर असावा, आणि मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावं. एवढं पाळलं नाही तर आकडा सहज दहा-पंधराने इकडेतिकडे होतो आणि नको त्याला गोळी लागते, किंवा हवी त्याची राहते.

साखरेसाठी उपाशीपोटी १२६ किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.५ आणि त्यापुढे मधुमेह, १०० ते १२५ किंवा ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. या उंबरठ्यावरच्या माणसांकडे मी जास्त आशेने बघतो, कारण वजन आणि चालणं यांनी मागे फिरण्याची संधी त्यांना सगळ्यात जास्त असते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० पेक्षा कमी असावा. हा पँटचा नंबर नव्हे. पँट पोटाखाली घसरलेली असते. टेप खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात म्हणजे गावातल्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आशाताई घरी येऊन वय, तंबाखू, घेर, घरात कुणाला आजार, असे प्रश्न विचारून फॉर्म भरतात तो याचाच भाग. त्यांना "नंतर या" म्हणून परत पाठवू नका. तालुका करवीर असो नाहीतर गगनबावडा, ही सोय आपल्यासाठीच आहे.

लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर टोटल कोलेस्टेरॉलवर आणि शेजारी छापलेल्या 'नॉर्मल रेंज'वर जाते. बघायचा आकडा आहे एलडीएलचा. आणि तो नॉर्मल आहे का, याचं उत्तर माणसागणिक वेगळं असतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण माणसाने एलडीएल १०० च्या खाली ठेवावं, मधुमेह किंवा रक्तदाबामुळे धोका जास्त असलेल्यांनी ७० च्या खाली, आणि ज्यांना आधीच झटका येऊन गेलाय त्यांनी ५५ च्या खाली.

समजा, दोघांचं एलडीएल १२० आहे. एक ३८ वर्षांचा शिक्षक, व्यसन नाही, रक्तदाब ११८/७६, आईवडील ऐंशी ओलांडलेले. दुसरा शिरोली एमआयडीसीतला ४६ वर्षांचा फोरमन, तंबाखूची पुडी खिशात, रक्तदाब १५०/९४, साखर उंबरठ्यावर, वडिलांना पन्नाशीत झटका. रिपोर्टवर दोघांचा आकडा अगदी एकसारखा छापला जाईल. पण शिक्षकाला डॉक्टर बहुधा आहार-व्यायाम सांगून काही महिन्यांनी परत बोलावतील, आणि फोरमनला औषध सुरू करायला सांगतील. धोक्याच्या गोष्टी नुसत्या एकापुढे एक उभ्या राहत नाहीत, त्या एकमेकींना बळ देतात. म्हणून रिपोर्ट मोबाइलवर बघून "सगळं रेंजमध्ये आहे" म्हणत बंद करू नका. वय, व्यसन आणि घरचा इतिहास माहीत असलेल्या डॉक्टरसमोर तो ठेवा. वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ते आवर्जून सांगा. अशा घरातल्यांनी आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच एका कणाची तपासणी करून घ्यावी. ते प्रमाण बहुतांशी जन्मतः ठरलेलं असतं, पथ्याने फारसं हलत नाही, पण ते जास्त आहे हे कळलं की बाकीच्या गोष्टी अधिक कडक सांभाळता येतात.

सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या 'फुल बॉडी' पॅकेजची गरज यासाठी नाही. त्यातल्या कितीतरी चाचण्यांचा हृदयाशी संबंध नसतो, आणि एखादा क्षुल्लक आकडा इकडेतिकडे निघाला की माणूस महिनाभर घाबरून फिरतो. धोका मध्यम आहे, गोळी सुरू करावी की नाही अशी अडचण असेल तिथे वाहिन्यांच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम मोजणारा, कॅल्शियम स्कोअर नावाचा साधा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. तो डॉक्टरने सुचवला तर जरूर करावा. हौसेने करायची मात्र ती तपासणी नाही.

तांबडा-पांढरा आणि तालमीचा खुराक

कोल्हापुरात हृदयाचा विषय निघाला की पहिला आरोप तांबड्या रश्श्यावर होतो. मिरची बिचारी निर्दोष आहे. तिखटाने वाहिन्या बंद होत नाहीत. बघायचं ते वर तरंगणाऱ्या तेलाकडे, मटणाच्या चरबीकडे आणि मिठाकडे. मिसळीचंच घ्या. मोड आलेली मटकी हा उत्तम आहार आहे. तिच्यावर ओतलेला कट, मूठभर फरसाण आणि सोबतचे मैद्याचे ब्रेड हे तिचं सगळं पुण्य पुसून टाकतात. घरी केलेली मिसळ कमी कटाची आणि भाकरीबरोबर खाल्ली तर रोजच्या नाश्त्यालाही चालेल. मटणाचा रस्सा आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी चरबीचा थर वर गोठलेला मिळतो. तो काढून टाकून मग फोडणी दिली तर चव फारशी जात नाही. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, तेव्हा वाट्यांवर वाट्या रिचवणं सणासुदीला ठेवावं. तेल माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे पुरेसं आहे. महिन्याला किती डबे लागतात आणि घरात तोंडं किती, हा हिशेब एकदा मांडून बघा.

मीठ हा आपल्याकडे दुर्लक्षित राहिलेला भाग. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळं धरून. आपण भाजीत टाकलेलं मीठ मोजतो. पण वर्षाची चटणी करताना कांदा-लसणाबरोबर तिच्यात मीठ पडलेलं असतं, खर्ड्यात असतं, लोणच्यात, पापडात, फरसाणात असतं. रक्तदाब असलेल्या घरात चटणी करतानाच मीठ कमी टाकलं, तर वर्षभर रोज आठवण ठेवावी लागत नाही. आणि गुळाबद्दल. कोल्हापुरी गूळ ही आपली शान आहे, पण मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच वागतो. साखर सोडून गुळाचा चहा चालू केला म्हणून पथ्य पाळलं असं होत नाही.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणं ही पैलवानांच्या गावाची जुनी रीत. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं, तालमींना आसरा दिला, आणि त्या मातीत रोज हजारभर जोर-बैठका मारणाऱ्या पोरांना दूध, तूप, थंडाईचा खुराक लागायचाच. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के, म्हणजे २०० मिलीच्या पेल्यातून बारा-चौदा ग्रॅम, त्यातली बरीचशी संपृक्त चरबी. मेहनत करणारं शरीर ती पचवत होतं. अडचण पुढे येते. लग्न होतं, नोकरी लागते, लाल माती सुटते. मेहनत बंद होते आणि खुराक तसाच चालू राहतो. हे मला आपल्या भागातल्या हृदयविकाराचं एक मोठं कारण वाटतं. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचंही तेच, तिशीनंतर मैदान सुटतं, वडापाव सुटत नाही.

म्हणून व्यायामाची गोष्ट जुन्या पैलवानांनाही नव्याने सांगावी लागते. आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, दम लागेल असं चालणं. वेग ओळखायची खूण सोपी आहे, शेजाऱ्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. रंकाळ्यावर चौघांनी गप्पांच्या नादात रमतगमत घेतलेली फेरी मनाला चांगली, पण हृदयासाठी तिचा वेग वाढवावा लागेल. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायामही हवा, आणि तो आपल्याकडे शिकवावा लागत नाही, जोर-बैठका आहेतच. बरीच वर्षं सुटलेल्याने मात्र पहिल्याच दिवशी पन्नास मारू नयेत. चाळिशी पार असेल, साखर-बीपी असेल तर आधी डॉक्टरला विचारावं.

बायकांच्या बाबतीत दोन गोष्टी मुद्दाम लिहितो. ग्रामीण भागात मिसरी लावणं हे कुणी व्यसन मानतच नाही. पण ती भाजलेली तंबाखू आहे, तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, ठोके आणि रक्तदाब वाढवतं. आणि गरोदरपणात ज्यांना बीपी किंवा शुगर झाली होती, बाळंतपणानंतर ती उतरली, त्यांचा पुढच्या आयुष्यातला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. "तेव्हापुरतं होतं" म्हणून ते विसरलं जातं. अशा प्रत्येक वहिनीने, मावशीने वर्षातून एकदा दोन्ही तपासावं.

तंबाखू कोणत्याही रूपात सोडणं हा सगळ्यात मोठा नफा. सिगारेट-बिडी सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादाचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. एकट्याने जमत नसेल तर १८००११२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर मदत मिळते. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगगम यांचाही उपयोग होतो. सुटली आणि पुन्हा लागली तरी परत प्रयत्न करायचा. बहुतेकांची एका फटक्यात सुटत नाही.

गोळ्यांची भीती

"एकदा बीपीची गोळी लागली की जन्मभर मागे लागते," या भीतीने लोक सुरूच करत नाहीत, किंवा आकडा १३० वर आला की "बरा झालो" म्हणून बंद करतात. आकडा खाली आलाय तो गोळीमुळे. वजन, मीठ, चालणं सुधारल्यावर डॉक्टर डोस कमी करू शकतात, पण तो निर्णय वहीत लिहिलेले घरचे आकडे बघून व्हायला हवा. वरचा रक्तदाब १० ने उतरला तर हृदयविकार आणि पक्षाघात मिळून धोका सुमारे वीस टक्क्यांनी घटतो, असं मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित मांडणीतून दिसलं आहे. एलडीएल सुमारे ४० ने उतरलं तरी जवळपास तितकाच फायदा. एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या १९८७ पासून वापरात आहेत, कोट्यवधी लोकांनी घेतल्या आहेत. काहींना स्नायूदुखी होते, साखर किंचित वाढू शकते, तेव्हा डॉक्टरला सांगून गोळी किंवा डोस बदलता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश वाचून स्वतःच थांबवणं धोक्याचं आहे. उलट, कधीही झटका न आलेल्या माणसाने शेजाऱ्याचं बघून 'रक्त पातळ करायची' अ‍ॅस्पिरिन रोज घेऊ नये. २०१८ मध्ये आलेल्या तीन मोठ्या अभ्यासांनंतर हे स्पष्ट झालं आहे की अशांना फायदा थोडा आणि पोटातल्या रक्तस्रावाचा धोका त्याच्या तोडीचा असतो.

घरात कुणाला कमी वयात झटका आला की सगळं लक्ष त्या एका माणसावर जातं. तो घरी आला की त्याच्या भावंडांचं आणि मुलांचं लिपिड प्रोफाइल करून घ्या, मूल कॉलेजात असलं तरी. एलडीएल १९० च्या वर निघालं तर तो आनुवंशिक दोष असू शकतो, आणि तो विशीत सापडला तर त्याच्यावर उपचार आहेत.

एवढं सगळं करूनही धोका शून्यावर येत नाही, म्हणून झटक्याची लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. छातीवर कुणीतरी दाबून धरल्यासारखं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ, दरदरून घाम. मधुमेही माणसांत आणि बायकांत बऱ्याचदा छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखं. रात्री मटण झालेलं असतं, त्यामुळे "पित्त झालंय, गॅस धरलाय" म्हणत सोडा पिऊन पहाट गाठली जाते आणि तेवढ्यात स्नायू मरत राहतो. दहा-पंधरा मिनिटांत थांबत नसेल तर पित्त आहे का याचा निवाडा घरी करू नका. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ईसीजीचं खरं काम इथे आहे, आणि तो जितका लवकर निघेल तितकं बरं. शाहूवाडी किंवा गगनबावड्याकडून अँजिओप्लास्टीची (बंद झालेली वाहिनी फुग्याने उघडण्याची) सोय असलेल्या हॉस्पिटलपर्यंत पोचायला वेळ लागणार असेल तर वाटेतल्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल का, हे विचारा. ते देता येतं की नाही हे दुखणं किती वाजता सुरू झालं यावर बरंचसं अवलंबून असतं, तेव्हा ती वेळ बरोबरच्या माणसाने लक्षात ठेवावी. डॉक्टर तेच आधी विचारतील.